नट फिरतो, पण आवळत का नाही?

मोटारीचे शॉक ॲब्सॉर्बर किंवा चाकाजवळचे रबरी बुश बदलण्याचे काम आपल्याकडे बहुधा गॅरेजमध्ये होते. तरी हातात चार पाने आणि मनात थोडी हौस असलेली माणसे ते घरच्या अंगणातही करतात. जुने भाग काढून नवे बसवेपर्यंत सारे ठीक चालते. शेवटी एक किरकोळ वाटणारे काम उरते: स्टीअरिंगचा दांडा चाकाला पुन्हा जोडून त्याचा नट आवळायचा. नट हाताने दोन-तीन फेरे चढतो. पुढे पाना लावावा लागतो, आणि इथे गाडे अडते. पाना फिरतो, नट फिरतो, पण नटाबरोबर आतला स्टडही फिरू लागतो. दहा फेरे झाले तरी नट केसभरही पुढे सरकत नाही. पान्याला लांब पाईप लावून जोर वाढवला, तर स्टड अधिक सहजपणे फिरतो, एवढेच.

अशा वेळी काय करावे हे मुरलेल्या मेकॅनिकला ठाऊक असते. तो पान्यावरचा जोर वाढवत नाही, तर दुसऱ्याच ठिकाणी दाब देतो आणि नट निमूटपणे आवळला जातो. या युक्तीमागे आठवी-नववीच्या पुस्तकातले घर्षण, उतरण आणि पाचर यांखेरीज काही नाही. मात्र हे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण हा जोड सुटला तर चालकाच्या हातातले चाक आणि रस्त्यावरचे चाक यांचा संबंध तुटतो. ब्रेक थोडे कमी लागले तर सावरायला निदान काही वाव असतो. इथे तो जवळजवळ नसतोच.

जोडाची रचना

स्टीअरिंग फिरवले की एक आडवा दांडा डावीउजवीकडे सरकतो. त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि प्रत्येक टाय रॉडच्या टोकाशी एक बॉल जॉईंट असतो. आपल्या खांद्याच्या सांध्याप्रमाणे इथे एका वाटीत एक गोळा बसवलेला असतो. गोळ्यातून जाड खिळ्यासारखा स्टड बाहेर येतो. स्टडचा गोळ्याजवळचा भाग निमुळता असतो आणि टोकाकडच्या भागावर आटे पाडलेले असतात. चाकाच्या बाजूला स्टीअरिंग आर्म नावाचा मजबूत लोखंडी बाहू असतो. त्याला तसेच निमुळते भोक असते. स्टड या भोकातून पलीकडे काढायचा आणि पलीकडून नट लावायचा. नट आवळला की स्टड ओढला जातो आणि त्याचा निमुळता भाग भोकात रुतून बसतो.

चाक खड्ड्यांतून वरखाली होते आणि वळणावर डावीउजवीकडेही वळते. म्हणून गोळा वाटीत मोकळेपणाने फिरलाच पाहिजे. हा त्याचा गुणच आपली अडचण होतो. नट फिरवताना स्टडही फिरू लागला, तर गोळा त्याला अडवत नाही. साध्या नट-बोल्टच्या जोडात बोल्टचे डोके दुसऱ्या पान्याने धरता येते, पण इथे डोके वाटीत बंद आहे. स्टडला फिरण्यापासून अडवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे निमुळता भाग आणि भोक यांच्यामधले घर्षण.

पाचरीचे गणित

अशा स्टडचा निमुळतेपणा पुष्कळ गाड्यांत १:१० किंवा १:८ च्या आसपास असतो. १:१० याचा अर्थ लांबी १० मिमी वाढली की व्यास १ मिमीने बदलतो. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार २० मध्ये १, कोनात सांगायचे तर सुमारे २.९ अंश.

लाकूड फोडताना आपण पाचर वापरतो. पाचरीच्या डोक्यावर थोडे बल दिले की तिच्या दोन्ही बाजूंवर त्याच्या कितीतरी पट दाब पडतो. निमुळता स्टड ही गोल पाचरच आहे. ती भोकात ओढली की तिच्या बाजूंवर किती दाब पडेल? लोखंडावर लोखंडाचा घर्षण गुणांक ०.१५ धरू. उताराचे ०.०५ आणि घर्षणाचे ०.१५ मिळून ०.२० होतात. ओढणाऱ्या बलाला ०.२० ने भागले की बाजूंवरचा एकूण दाब मिळतो. म्हणजे तो त्या बलाच्या ५ पट झाला.

घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, असे फ्रान्सच्या आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडले होते. तोच नियम इथे लावू. स्टड १००० न्यूटन बलाने ओढला गेला, तर बाजूंवरचा दाब ५००० न्यूटन आणि घर्षण त्याच्या ०.१५ पट, म्हणजे ७५० न्यूटन. निमुळत्या भागाची सरासरी त्रिज्या साडेसहा मिमी धरली, तर स्टडला फिरू न देणारा पीळ सुमारे ४.९ न्यूटन-मीटर येतो. पीळ म्हणजे बल गुणिले त्रिज्या. पाठ्यपुस्तकात याला बलाचे आघूर्ण म्हणतात, तर कारखान्यात टॉर्क.

आता दुसरी बाजू पाहू. स्टडला फिरवू पाहणारा पीळ नटाकडून येतो, आणि तो आट्यांमधून येतो. १२ मिमी व्यासाचा आणि १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचा स्टड घेतला, तर तेवढ्याच १००० न्यूटन ताणाला आट्यांतला पीळ सुमारे १.२ न्यूटन-मीटर येतो. धरून ठेवणारा पीळ ४.९ आणि फिरवणारा १.२. म्हणजे पाचर चौपट बलवान आहे. दोन्ही आकडे ताणाच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे ताण कितीही वाढला तरी पाचरच जिंकते.

मग स्टड फिरतोच कसा?

ताण येण्याआधीची अडचण

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे ताण नसेल तेव्हा नट मोकळा फिरतो. आटे स्वच्छ असतील आणि नट साधा असेल, तर हे खरे असते. पण अनेक गाड्यांत या जागी नायलॉनची कडी बसवलेला नट वापरतात. मेकॅनिक त्याला नायलॉक म्हणतात. आटे त्या कडीत घुसले की कडी त्यांना आवळून धरते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नट मागे फिरत नाही. त्यासाठीच ती असते. परंतु ही पकड नट चढतानाही असतेच. असा नट नुसता फिरवायला, स्टडमध्ये ताण शून्य असतानाही, काही न्यूटन-मीटर पीळ लागतो. नट साधा असला आणि आटे गंजले किंवा चेपले असले, तरी हेच घडते.

समजा, हा पीळ ५ न्यूटन-मीटर आहे. नट स्टीअरिंग आर्मला टेकलेला नाही, म्हणून ताण शून्य. ताण शून्य म्हणून पाचरीवर दाब शून्य, आणि दाब शून्य म्हणून घर्षणही शून्य. पण फिरवणारा पीळ मात्र ५. स्टड फिरणारच. पान्यावर पाईप लावून काही साधत नाही ते यामुळे. जोर वाढवला तरी शून्य घर्षण शून्यच राहते. नट पुढे सरकल्याशिवाय ताण येत नाही, ताण आल्याशिवाय स्टड थांबत नाही, आणि स्टड थांबल्याशिवाय नट पुढे सरकत नाही. हे चक्र पान्याच्या बाजूने तुटत नाही. ते पाचरीच्या बाजूने तोडावे लागते.

तीन उपाय, एकच तत्त्व

पहिला उपाय म्हणजे बाहेरून दाब देणे. बॉल जॉईंटची वाटी स्टीअरिंग आर्मच्या दिशेने दाबायची, म्हणजे निमुळता भाग भोकात घट्ट बसतो. किती दाब लागेल? १००० न्यूटनला ४.९ न्यूटन-मीटर हे आपण काढलेच आहे. तेव्हा ५ न्यूटन-मीटर थोपवायला हजाराहून किंचित जास्त न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका दाब पुरेल. स्टडचे टोक वर असेल तर वाटीखाली लहान जॅक लावून हलकेच वर उचलतात. टोक खाली असेल तर सी-आकाराच्या शिकंज्याने किंवा पहारीच्या तरफेने वरून दाबतात. दाब वाटीच्या लोखंडावर यावा, धूळ अडवणाऱ्या रबरी बुटावर नव्हे. बूट फाटला तर वंगण निघून जाते, आत धूळ आणि पाणी शिरते आणि सांधा लवकर झिजतो.

एकदा नट आर्मला टेकून ताण येऊ लागला की बाहेरच्या दाबाची गरज संपते. दर १००० न्यूटनला पाचरीची आघाडी ४.९ उणे १.२, म्हणजे ३.७ न्यूटन-मीटर आहे. नायलॉनचा ५ न्यूटन-मीटर पीळ भरून निघायला सुमारे १४०० न्यूटन ताण पुरतो. पुरत्या आवळलेल्या जोडात याच्या दसपट ताण असतो.

दुसरा उपाय आधी साधा नट लावण्याचा. त्याच व्यासाचा आणि त्याच आट्यांचा, पण नायलॉन नसलेला नट आधी आवळायचा. ताण नसताना त्याला फिरायला पीळ लागत नाही, म्हणून स्टड फिरत नाही आणि निमुळता भाग भोकात ओढला जातो. मग हा नट काढून त्या जागी नायलॉक लावायचा. साधा नट काढला तरी स्टड रुतलेलाच राहतो. का, ते पुढे पाहू.

तिसरा उपाय स्टडच्या टोकाशी असतो. काही स्टडच्या टोकाला षट्कोनी खाच किंवा दोन सपाट बाजू ठेवलेल्या असतात. तिथे किल्ली घालून स्टड धरायचा आणि पान्याने नट फिरवायचा. ही सोय नसेल तर कोणी आटेच पकडीने धरतात. तसे करू नये. चेपलेल्या आट्यांवर नट आणखी जड फिरतो, म्हणजे मूळ अडचण आपणच वाढवतो. गॅसच्या ज्योतीने तापवणेही घातक आहे. नायलॉन, रबर आणि वंगण, तिन्ही त्यात बाद होतात.

रुतलेली पाचर सुटत का नाही?

लाकडी फळीवर नाणे ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. एका ठराविक कोनाला नाणे घसरू लागते. त्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे घर्षण गुणांक. गुणांक ०.१५ असेल तर हा कोन सुमारे साडेआठ अंश. उतरण त्याहून कमी असेल तर वस्तू आपणहून घसरत नाही. आपल्या पाचरीचा उतार फक्त २.९ अंश आहे. म्हणून एकदा रुतलेला निमुळता स्टड, ओढणारे बल काढून घेतले तरी मागे सरकत नाही. लेथ आणि ड्रिल मशीनमध्ये बर्म्यांचे निमुळते दांडे याच तत्त्वावर बसतात. त्यांना मोर्स टेपर म्हणतात, कारण अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात ती पद्धत काढली. तिथे नटही नसतो, नुसता निमुळता दांडा बर्म्याला फिरवतो.

जोड सोडवताना मेकॅनिक नट सैल करून चार आट्यांवर तसाच ठेवतो आणि आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे घाव घालतो. घावाने डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, पकड सुटते आणि स्टड बाहेर उडी घेतो. त्याला अडवायला नट ठेवलेला असतो.

या घर्षणावरच सारे अवलंबून असल्यामुळे बसवताना स्टड आणि भोक पुसून कोरडे करावे. निमुळत्या भागाला तेल किंवा ग्रीस लावू नये.

किती आवळायचे?

लहान मोटारींत या नटासाठी सामान्यतः ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ सांगितलेला असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातूनच घ्यावा. ३६ न्यूटन-मीटर हा आकडा घेऊन ताण काढू. कारखान्यातला ढोबळ नियम असा, की ताण म्हणजे पीळ भागिले व्यासाचा पाचवा हिस्सा. १२ मिमीचा पाचवा हिस्सा २.४ मिमी. त्यावरून ताण १५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतका येतो. मनगटाच्या जोराने आपण दोन मारुती ८०० गाड्यांच्या वजनाहून अधिक ताण निर्माण करतो!

पण लावलेल्या पिळाचे काय होते ते पाहा. शंभर भागांपैकी सुमारे पन्नास नटाच्या बुडाशी घासण्यात जातात, चाळीस आट्यांत, आणि ताण देण्यासाठी जेमतेम दहा उरतात. आटे गंजलेले असतील तर हे दहाही घटतात. पाना कड्‌कन थांबला, हात दुखला, म्हणजे जोड घट्ट झालाच असे नव्हे. घट्टपणा स्टडच्या ताणात असतो, आपल्या हाताच्या श्रमात नसतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करणे हा कामाचा भाग आहे, टापटिपीचा नव्हे.

आणखी एक फसवा प्रसंग आहे. नवा सुटा भाग दुसऱ्याच निमुळतेपणाचा असला किंवा भोक झिजून मोठे झालेले असले, तर पाचर रुतण्याआधीच आटे संपतात. नट घट्ट होतो, पण स्टड भोकात सैलच. अशा वेळी नटाखाली वॉशर वाढवत बसू नये. त्याने नट आवळल्यासारखा वाटतो आणि खरा दोष झाकला जातो. योग्य भागच मिळवावा.

कॉटर पिन आणि एक षष्ठांश फेरा

काही गाड्यांत नायलॉकऐवजी सहा खाचांचा नट असतो. स्टडमध्ये आरपार छिद्र असते. नट आवळल्यावर खाच आणि छिद्र जुळवून त्यातून कॉटर पिन घालतात आणि तिची टोके वाकवतात. आता समजा, नट ठरलेल्या पिळाला आवळला, पण छिद्र दोन खाचांच्या मधे आले. नट थोडा मागे घ्यावा की पुढे? सैल करणे सोपे, म्हणून मागे घ्यावासा वाटतो. ते का चालत नाही, ते आकड्यांतच पाहू.

एक खाच म्हणजे एक षष्ठांश फेरा. १.२५ मिमीच्या आट्यांवर तो सुमारे ०.२१ मिमी होतो. आणि १५,००० न्यूटन ताणाने स्टड किती लांबला आहे? ताणलेली लांबी १५ मिमी, छेदाचे क्षेत्रफळ ९० चौरस मिमी आणि पोलादाचा यंग गुणांक प्रति चौरस मिमी २ लाख न्यूटन धरला, तर लांबी वाढली फक्त ०.०१३ मिमीच्या आसपास. म्हणजे खाचेचा दहावा हिस्सा मागे घेतला तरी बहुतेक सारा ताण जातो. रुतलेली पाचर तर मागे सरकत नाही, त्यामुळे ती नटाच्या मागोमाग येऊन फट भरून काढत नाही. पुढे नेताना मात्र वेगळे घडते. पाचर किंचित आणखी आत सरकते, म्हणून ताण त्या मानाने हळू वाढतो. यासाठी नियम असा, की नट आधी ठरलेल्या पिळाला आवळावा आणि मग पुढच्या खाचेपर्यंत पुढेच न्यावा, मागे कधीही घेऊ नये.

ताण गेला तरी स्टड काही काळ भोकात रुतलेला राहील आणि गाडी चालेलही. पण खड्ड्यांच्या धक्क्यांनी तो हळूहळू सुटतो. आटे केवळ दोन अंशांच्या उताराचे असतात, तेव्हा नट आपणहून फिरू नये असे वाटते. परंतु जोडाला आडवे धक्के बसून पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागले, की घर्षण त्या सरकण्यात गुंतते आणि नट मागे फिरू लागतो. हे जर्मनीच्या गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. कॉटर पिन नटाला निघून पडू देत नाही. गेलेला ताण ती परत आणू शकत नाही.

वर्गात करून पाहा

रसायनाच्या खोलीतले एक भोकाचे रबरी बूच घ्या. भोकात पेन्सिल घट्ट बसवा. बूच प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडात नुसते टेकवा आणि पेन्सिल फिरवा. पेन्सिलीबरोबर बूचही फिरेल. आता एका विद्यार्थ्याला बूच बोटांनी खाली दाबायला सांगा आणि पेन्सिल पुन्हा फिरवा. या वेळी बूच जागीच राहील आणि पेन्सिल त्याच्या भोकात फिरेल. इथे पेन्सिल आणि बुचाचे भोक म्हणजे आटे आणि नायलॉन. बूच आणि बाटलीचे तोंड म्हणजे निमुळता स्टड आणि भोक. पेन्सिलीला साबणाचे पाणी लावले तर काय होईल? आणि बाटलीच्या तोंडाला लावले तर? मुलांना आधी अंदाज करू द्यावा, मग प्रयोग.

वरच्या वर्गात याच लेखातले आकडे बदलून गणिते देता येतील. घर्षण गुणांक ०.१५ ऐवजी ०.१० धरला तर बाहेरून किती दाब लागेल? निमुळतेपणा १:८ केला तर?

आणि कोणी विद्यार्थी घरी मोठ्यांबरोबर हे काम करणार असेल, तर चार गोष्टी त्याला जरूर सांगाव्यात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये. मजबूत स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांमागे दगड ठेवावेत. काढलेला नायलॉक आणि कॉटर पिन पुन्हा वापरू नयेत. काम झाल्यावर एकाने स्टीअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने जोडाकडे पाहावे. स्टड भोकात तसूभरही हलता कामा नये. टाय रॉडचे टोक बदलले असेल तर चाकांची दिशा जुळवून घ्यावी. स्टड हलताना दिसला, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. जाणत्या मेकॅनिकला घरी बोलवायचे.